मास्तरांचा हलका आकडा

मास्तरांना ‘किती?’ असं विचारलं की उत्तर आकड्यात कधी यायचं नाही. पोळ्या किती, तर मीडियम. चहात साखर किती, तर लाइट. अंगात ताप किती, तर मीडियमच्या जरा वर. एकदा मी विचारलं, मास्तर, यंदा तुमच्या गावाकडे ऊन कसं आहे, तर म्हणाले, डार्क. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. मी अकोल्याची, केमिस्ट्रीची बी.एस्सी., लग्न होऊन सुरतेत आलेली, आणि पांडेसऱ्याच्या त्या डाईंगच्या मिलमध्ये लॅबला लागलेली पहिली बाई. त्यामुळे थट्टेची तयारी ठेवूनच मी आत पाऊल टाकलं होतं. पण महिनाभरात कळलं की मास्तरांना थट्टा करताच येत नाही. त्यांना जग खरोखरच या तीन शेडमध्ये दिसत होतं.

ते आमचे डाईंग मास्तर. कापडाला कुठला रंग, किती टक्के, किती वेळ, यात मालकापेक्षा त्यांचा शब्द वर. मूळचे नंदुरबारकडचे. वयाच्या अठराव्या वर्षी सुरतेत आले, रंगाचे डबे उचलण्यापासून सुरुवात केली, आणि शाळा सातवीला सुटली असली तरी डोळा असा तयार झाला की रिंग रोडच्या मार्केटमधले व्यापारी साडीचा तुकडा घेऊन थेट त्यांनाच शोधत यायचे. पन्नाशीचे असतील तेव्हा. बुटके, कान मोठे, नखांच्या कडा कायमच्या निळ्या.

कपडे मात्र पांढरे. रंगाच्या मिलमध्ये पांढरं घालून येणारा माणूस एक तर मालक असतो नाहीतर वेडा, असं आमचा बॉयलरवाला म्हणायचा. मास्तरांचं म्हणणं, शेड बघताना अंगावर रंगीत शर्ट असला की तो शर्ट डोळ्याला बिघडवतो. त्यांनी मलाही सांगून ठेवलं होतं की ज्या दिवशी शेड मॅचिंग असेल त्या दिवशी लाल साडी नको. मला असले हुकूम सोसत नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी मुद्दाम लालभडक साडी नेसून गेले. ते दिवसभर माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि जे काही सांगायचं ते भिंतीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळी मिल हसत होती, आणि ती मास्तरांना हसत नव्हती, मला हसत होती. ती साडी मी पुन्हा कामावर नेसले नाही.

ट्यूबलाइटला ते खोटारडी म्हणायचे. लॅबच्या उत्तरेच्या खिडकीशी जाऊन, आधी पाच मिनिटं डोळे मिटून, मगच कापड बघायचे. ही सवय त्यांच्याबरोबर बाजारातही जायची. भाजीवालीने ताडपत्री बांधलेली असली की तिच्या टोपलीतलं वांगं उचलून उन्हात नेऊन बघायचे. ती ओरडायची, भाई, वेंगण ले के भाग रहा है क्या. शेडना नावंही त्यांचीच. शेडकार्डावर नंबर असायचे, पण मास्तर म्हणायचे, ‘शिळं वरण’, ‘कच्ची पपई’, ‘सासूबाईचं लुगडं’. माझ्या लॅबच्या वहीत मी ही नावं लिहायची आणि त्यापुढे कंसात नंबर टाकायची. ते रजेवर गेले की मार्केटचा माणूस ‘सासूबाईचं लुगडं’ किती मीटर झालं म्हणून फोन करायचा आणि फोनवर मालक कपाळाला हात लावायचे.

आता त्यांच्या कायद्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कायदा असा: ‘हलकं ठेवा. वाढवता येतं, काढता येत नाही.’ रंगकामात हे अगदी खरं आहे. मशीनमध्ये हजार मीटर कापड घातलं आणि रंग जरा फिका आला, तर अजून थोडा रंग टाकून, परत तापवून हव्या त्या शेडला आणता येतो. त्याला आम्ही ‘एडिशन’ म्हणतो. पण एकदा का गडद झालं, की तो रंग उतरवताना कापड मरतं. एकदा मास्तर गावी गेलेले असताना मालकाने घाई करून एक गुलाबी लॉट एकदम पुरत्या टक्क्यावर टाकायला लावला. तो जांभळ्याच्या अंगाने गेला. उतरवायचा प्रयत्न केला तर जागोजाग चट्टे पडले. शेवटी बिघडलेल्या प्रत्येक लॉटचं होतं तेच त्याचंही झालं, सगळा काळा रंगवला. मास्तर परत आल्यावर त्यांनी फक्त त्या काळ्या कापडाचा एक तुकडा कापून खिशात ठेवला आणि वर्षभर मालक समोर आला की तो काढून त्याने चष्मा पुसत राहिले.

हा कायदा त्यांनी मिलपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. त्यांच्या घरी भाजीत मीठ कमी असायचं आणि मिठाची वाटी मधोमध ठेवलेली असायची. कौतुक करायचं तर पहिल्यांदा ‘हं’. राग आला तरी पहिल्यांदा ‘हं’. दोन्ही ‘हं’ वेगवेगळे होते असं काकू म्हणायच्या, मला शेवटपर्यंत फरक कळला नाही. काकू म्हणजे मास्तरांची बायको. उंच, सावळ्या, सावकाश बोलणाऱ्या. एकुलती मुलगी दोंडाईच्याला दिलेली. दोघंच राहायची, सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायची, कारण सुरतेत उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी आणि वर ठेचा देणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं.

प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी झाली होती त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. मालकाने मास्तरांचा पगार वाढवला. पेढे वाटून झाले आणि पुढच्याच महिन्यात मास्तर लॅबमध्ये येऊन म्हणाले, ताई, माझं काय चुकलं? मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की त्यांचं कामगार विम्याचं कार्ड ऑफिसने परत घेतलं. पगार एका मर्यादेच्या वर गेला की सरकारी कामगार दवाखान्याचा हक्क संपतो, एवढी साधी गोष्ट. पण पगार वाढवून दवाखाना काढून घेणं हे त्यांच्या डोक्यात बसेना. त्यांना वाटलं, ही शिक्षाच आहे आणि पेढे तेवढे वर दिलेत. मी समजावलं की आता तुमचा तुम्ही विमा घ्यायचा, मेडिक्लेम. म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं. माझे यजमान हजिऱ्याच्या कारखान्यात, तिथे कंपनीचा दवाखाना, सर्दी झाली तरी फुकट. मला या भानगडीत पडायची कधी वेळच आली नव्हती.

त्यांनी एक एजंट शोधला. पोस्टातली बचत, आयुष्याचा विमा, गाडीचा विमा, सगळं एकाच रेक्झिनच्या पिशवीतून विकणारा गुजराती गृहस्थ. त्याने मास्तरांना एक छापील तक्ता दिला. वरती आडवे विम्याच्या रकमेचे आकडे, पंधरा हजारांपासून पुढे लाखांपर्यंत, आणि डावीकडे उभे वयाचे गट. मास्तर तो तक्ता उत्तरेच्या खिडकीशी घेऊन गेले. पाच मिनिटं डोळे मिटले. उघडले. मला हसू आवरेना, पण मीही जाऊन शेजारी उभी राहिले आणि बघता बघता माझं हसू गेलं, कारण मलाही त्यातलं काही कळत नव्हतं.

मास्तरांची पहिली शंका अशी की पंधरा हजारात कुठले आजार बसतात? त्यांना वाटलं, पंधरा हजार म्हणजे लाइट, त्यात ताप, हगवण, मोडलेला हात. पन्नास हजार मीडियम, त्यात अपेंडिक्स, मुतखडा. आणि लाखाच्या पुढचे डार्क, त्यात हृदय आणि मेंदू. मी म्हटलं, तसं नसावं, बहुधा रकमेचा आणि आजाराचा संबंध नसावा. नसावा का नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एजंटला विचारू. एजंट आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, ‘बेन, आ तो एकदम सिम्पल छे.’ मग त्याने अर्धा तास जे सांगितलं त्यानंतर आम्ही दोघं आधीपेक्षा जास्त गोंधळलो. आजार कोणताही चालतो, पण काही पहिल्या वर्षी चालत नाहीत. पहिल्या महिन्यात कुठलाच चालत नाही, पण अपघात चालतो. आधीपासून असलेला तर कधीच चालत नाही. दवाखान्याचे पैसे आपण भरायचे, मग ते परत मिळतात. मिळतात म्हणजे सगळे का, तर हो, सगळे, रकमेच्या आत. मास्तर म्हणाले, मंग रक्कम किती घ्यायची ते सांगा. एजंट म्हणाला, ते तुमच्यावर. मोठी घेतली तर चांगलं.

‘मोठं घ्या’ असं कुणी म्हटलं की मास्तरांना संशय यायचा. त्यांनी ठरवलं, स्वतः तपास करायचा. एका दुपारी अर्धी रजा टाकून ते एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात गेले आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, ऑपरेशनांचे भाव सांगा. तिने विचारलं, कुठलं ऑपरेशन? म्हणाले, सगळे सांगा, लाइटपासून. तिने विचारलं, पेशंट कोण आहे? म्हणाले, अजून कुणी नाही. तिने वॉचमनला बोलावलं. मास्तर परत आले ते तिच्यावर न चिडता. म्हणाले, पोरीचं बरोबर आहे, पार्टी ठरल्याशिवाय कुणी रेट सांगत नाही.

तीन आठवडे हे चाललं. लॅबमध्ये एका बाजूला माझी रंगाची चंचुपात्रं आणि दुसऱ्या बाजूला तो तक्ता. तक्त्याची घडी फाटली तेव्हा मागे कापडाची पट्टी चिकटवून तो शाबूत केला. मधल्या एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा तक्ता तिथेही होता. एजंटने काकूंसाठी लाखाचा आग्रह धरला होता. स्वतःसाठी मास्तरांनी पन्नास हजार केव्हाच ठरवून टाकले होते, त्यावर दोन मिनिटंही घालवली नव्हती. अडत होतं ते काकूंवर. मी काकूंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, ‘माले काय व्हस? इतला मोठा आकडा कसाले?’ मास्तरांनी तक्त्यावरून मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘हं.’ तो कुठला ‘हं’ होता, ते मला तेव्हाही कळलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ते पॉलिसीची पुस्तिका घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. पुस्तिका इंग्रजीत. बोट एका परिच्छेदावर ठेवलेलं, कारण एजंटने तिथे पेन्सिलीने खूण केली होती. म्हणाले, ताई, एवढंच वाचून सांगा, तुमच्या काकूंना पंधरा हजाराचा घेतला तर पुढच्या वर्षी वाढवता येतो का?

मी वाचायला लागले. एकच वाक्य होतं, दहा-अकरा ओळींचं. पहिल्या दोन-तीन ओळींत स्वच्छ लिहिलं होतं की नूतनीकरणाच्या वेळी विमाधारकाला रक्कम वाढवून घेता येईल. त्यानंतर स्वल्पविराम होता. स्वल्पविरामाच्या पुढे ‘मात्र’ होतं, मग ‘अशा वाढीव रकमेपुरतं’ असं काहीतरी, मग ‘वगळता’, मग पुन्हा ‘न’. त्या सात-आठ ओळी मी दोनदा वाचल्या. दुसऱ्यांदा शेवटाला पोचले तोवर सुरुवात हरवली होती. लॅबच्या दारात फोरमन आणि बॉयलरवाला डबे घेऊन उभे होते, बी.एस्सी. बाई इंग्रजी कसं वाचते ते बघत. अख्ख्या मिलमध्ये इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येत होता आणि त्यावरच माझा तिथला रुबाब उभा होता. ‘मला कळत नाही’ हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघेनात.

मी म्हटलं, ‘हो मास्तर, वाढवता येतं.’

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘बस.’ पुस्तिका मिटली, फॉर्मवर काकूंच्या नावापुढे पंधरा हजार लिहिले, आणि त्या दुपारी खूप दिवसांनी मशीनपाशी जाऊन शीळ घातली.

दहा महिने काही झालं नाही. मग एक दिवस बाजारातून येताना काकूंच्या छातीत कळ आली. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. त्याचे कागद एजंटने भरले, महिन्याभरात पैसे परत आले, आणि मास्तर इतके खूश झाले की त्यांनी मिलमधल्या तिघांना मेडिक्लेम घ्यायला लावला. हलकाच. पुढच्या तपासण्यांत मात्र निघालं की हृदयाच्या नळ्या तीन ठिकाणी तुंबल्यात, सहा महिन्यांच्या आत बायपास करायला हवी. पंधरा हजारांत बायपास कशी व्हायची, असं मी विचारलं. मास्तर शांत होते. म्हणाले, ताई, आता एडिशन. नूतनीकरणाची तारीख जवळच होती. ते एजंटकडे गेले, काकूंची रक्कम पंधरा हजारांवरून दीड लाख करून घेतली, आणि आजाराच्या रकान्यात तीन नळ्यांचं सगळं स्वतःच्या हाताने सरळ लिहून दिलं. लपवायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. मिलमध्ये एडिशन करताना आधीचा शेड लपवतात का कुठे?

पैसे घेतले गेले, नवी पॉलिसी आली, तिच्यावर दीड लाखाचा आकडा छापलेला होता. हॉस्पिटलने तारीख देण्याआधी कुठून किती येणार ते विचारलं, म्हणून मास्तर विमा कंपनीच्या ऑफिसला गेले. मला बरोबर नेलं, इंग्रजी लागलं तर म्हणून. तिथला अधिकारी सज्जन माणूस होता. त्याने आम्हाला बसवलं, दोन्ही वर्षांच्या पॉलिसी शेजारीशेजारी ठेवल्या आणि गुजरातीत सांगितलं की वाढवलेली रक्कम म्हणजे जणू आज घेतलेला नवा विमा. बाईंना आजार आधी झाला, रक्कम नंतर वाढली. म्हणून या आजाराला जुने पंधरा हजारच. उद्या दुसरं काही झालं, पाय मोडला, तर दीड लाख. त्याने आपल्या टेबलावरच्या पुस्तिकेत तोच परिच्छेद काढून दाखवला. पेन्सिलीची खूण त्यातही कुणीतरी केलेली होती.

गुजरातीत मला ते एका मिनिटात कळलं. पुस्तिकेत मी वर्षापूर्वी दोनदा वाचलं होतं ते हेच.

मास्तरांना कळलं नाही. किंवा त्यांनी कळून घेतलं नाही. ते त्या अधिकाऱ्याला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, पन दीड लाख लिहेल हायेत ना, साहेब? अधिकारी हो म्हणायचा. मंग? मग तो पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. चौथ्या वेळी मी मास्तरांच्या बाहीला धरून त्यांना उठवलं. रिक्षात ते म्हणाले, रंग टाकला तर तो सगळ्या कापडाला लागतो, ताई. नुसत्या नव्या कापडाला कसा लागेल? तेव्हा बोलायला हवं होतं, पण मी बोलले नाही.

जमवाजमव झाली. मालकाने दिले, जावयाने दिले, आमच्या घरूनही काही गेले. तरी खाजगी ऑपरेशनच्या निम्म्याला हात पोचेना. मग कुणीतरी अहमदाबादकडचं एक ट्रस्टचं हॉस्पिटल सांगितलं. तिथे परवडण्यासारखं होतं, पण यादी होती. काकूंचं नाव यादीत गेलं. त्यानंतर दर सोमवारी मास्तर मिलसमोरच्या एसटीडी बूथवर जाऊन नंबर विचारायचे. एकशे बारा. एकशे चार. अठ्ठ्याण्णव. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ‘किती?’चं उत्तर मी त्यांच्या तोंडून आकड्यात ऐकत होते. नंबर सांगून ते खिडकीशी जायचे, डोळे मिटायचे, आणि कधी कधी पाच मिनिटं होऊन गेली तरी उघडायचे नाहीत. त्या महिन्यांत दोन लॉट त्यांच्या हातून फिके गेले.

काकू तेवढ्यात अंगाने अर्ध्या झाल्या. जिना उतरणं बंद झालं. मी गेले की खुर्चीवर बसून ठेचा कसा करायचा ते मला सांगायच्या आणि मी करायची. एकदा मी ओट्याशी उभी असताना म्हणाल्या, यास्नी काळजी घेजो, ताई, यास्ले मीठ टाकता येत नही. मी डोळे पुसले आणि तिखट लागलं म्हणून सांगितलं.

पाच महिन्यांनी नंबर लागला. ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी काकू गेल्या. दोन महिने आधी झालं असतं तर फरक पडला असता का, असं मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कदाचित पडला असता, कदाचित नसता. हे उत्तर मी किती वेळा मनात फिरवून बघितलं असेल. कधी त्यातला पहिला अर्धा भाग खरा वाटतो, कधी दुसरा. आजही मला ते नीट लागलेलं नाही.

काकूंचे दिवस झाल्यावर दोन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी मी मास्तरांकडे गेले. ठरवूनच गेले होते. त्यांनी चहा केला, तो बिनसाखरेचा होता आणि साखरेची वाटी मधे ठेवायला ते विसरले होते. मी तसाच प्यायले. मग सांगितलं. त्या दिवशी पुस्तिकेतलं वाक्य मला कळलं नव्हतं. पुढच्या ओळी मी वाचल्या होत्या, दोनदा वाचल्या होत्या, आणि न कळताच तुम्हाला हो म्हटलं. एवढं बोलून मी मान खाली घातली. शिव्या घालतील, रडतील, ऊठ म्हणतील, कशालाही मी तयार होते.

ते म्हणाले, ‘माले माहीत व्हतं.’

मी वर बघितलं.

‘तुमी वाचत व्हत्या तवा मी कागद नव्हतो बघत. तुमचं तोंड बघत व्हतो. तुमाले समजलं नाई, ते दिसलं माले.’

मी म्हटलं, मग तुम्ही मला परत वाचायला का नाही लावलं? दुसऱ्या कुणाला का नाही विचारलं?

‘विचारलं असतं तर खरं काय ते समजलं असतं. मंग लाख घ्यावा लागला असता. पैशाचं नव्हतं, ताई. हप्त्याचे पैसे व्हते माझ्याजवळ. माझ्या नावापुढं पन्नास हजार लिहिले तवा काहीच नाई वाटलं. पन तिच्या नावापुढं लाख लिहायचे म्हनलं का पेन खाली ठेवायचो. वाटायचं, एवढं मोठं दुखणं तिच्यासाठी मी माझ्या हातानं मागवून ठेवतोय. पंधरा लिहिलं तर तिले पंधराचंच काही व्हईल. तुमी हो म्हनल्या, माले बरं वाटलं.’

खाली सोसायटीत कुणीतरी स्कूटर धूत होतं. मला वाटलं, आता माझं ओझं हलकं व्हायला हवं, चूक निम्मी त्यांची निघाली. पण तसं काही झालं नाही. उलट मला कळेना की आता मी कुणावर रागवायचं.

मास्तर उठले. कपाटातून काकूंच्या साड्यांखालून ती पुस्तिका काढली आणि माझ्या हातात दिली.

‘आता वाचा,’ म्हणाले. ‘मराठीत सांगा. पूर्णविरामापर्यंत.’

मी नको म्हटलं. ते समोर बसून राहिले, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मग मी वाचलं. नूतनीकरणाच्या वेळी विमाधारकाला रक्कम वाढवून घेता येईल. मात्र वाढीव रक्कम ही नवा विमा समजली जाईल, आणि वाढ करण्यापूर्वी झालेल्या कोणत्याही आजारासाठी ती लागू होणार नाही. त्या आजाराला आधीची रक्कमच मिळेल. एकाही शब्दाला मी अडले नाही. पूर्णविराम आला तेव्हा पुस्तिका मिटून मी त्यांच्याकडे बघितलं.

ते डोळे मिटून ऐकत होते. मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाले, ‘सोपं व्हतं.’